कापूरहोळच्या टप्प्यावर मुक्कामाला कोणी नाही

ता. २० ऑक्टोबर १९२६, बुधवार

टांग्याच्या कंत्राटदाराचा माणूस सकाळी आला आणि चार घोडी सोडून घेऊन गेला. काळ्या घोडीचा मागच्या पायाचा नाल सैल होता. म्हटलं, थांब, नालबंदाला बोलावतो. म्हणाला, "अण्णा, आता ह्यांना नाल कशाला?" कुठं नेतोस, ते मी विचारलं नाही.

पागेत आता इमामभाईच्या टांग्याची दोनच. तीही दिवाळीपर्यंत. मग पुणे-भोर टांगा बंद. टप्प्याची जागा आमची, बदलीची घोडी कंत्राटदाराची, असं वडिलांपासून चालत आलेलं. घोडी गेल्यावर नुसती जागा म्हणजे काय, ते उद्यापासून कळेल.

मुक्कामाला कोणी नाही.

ता. २२, शुक्र.

कोणी नाही.

तरी गाद्या उन्हात घातल्या, कंदिलांच्या काचा राखेनं पुसल्या, माठ भरले. सौ. म्हणाली, "कुणासाठी?" म्हटलं, टप्पा आहे, टप्प्यासारखा दिसला पाहिजे. म्हणाली, "दिसतोय की. नुसता दिसतोच."

मोटार दुपारी गेली. थांबली नाही. टांगा इथं पोचायचा तो दिवस कलताना. घोडी बदलेपर्यंत भोरचा उतारू ओसरीवर बसायचा आणि पाय लांब केल्यावर म्हणायचा, अण्णा, आता पुढं कुठं जाता, राहतो इथंच. मग चुली. परसातली सोवळ्याची, ती ब्राह्मण उतारू आपली आपण पेटवणार. आतली सौ.ची. आणि पागेजवळची टांगेवाल्यांची. तिन्हींचा धूर एकदम निघाला की समजायचं, आज टप्पा भरला.

मोटारीतल्या माणसाला इथं राहायचं कारणच उरलं नाही. पुण्याला जेवून निघतो, भोरला जेवायला पोचतो. मधे कापूरहोळ म्हणजे एक गचका.

ता. २७, बुध.

आज उतारू.

भाटघरच्या धरणावरचा फोरमन साहेब. नोकरी संपवून विलायतेला परत चालला. सामान पुढं गेलेलं, स्वतः इमामभाईच्या टांग्यातून. मोटारीनं का नाही, विचारलं. म्हणाला, "मोटर बहुत हुआ. आखरी बार घोडा." साठीचा. गुडघे धरलेले, मिशा तंबाखूनं पिवळ्या. डाक बंगल्यावर न जाता इथंच राहतो म्हणाला, आणि खोली न घेता पागेवरचा माळा मागितला. म्हटलं, साहेब, खाली घोडी आहेत, वास येईल. म्हणाला, "वोही मंगता."

सौ.नं कोंबडी केली. तिखट कमी घाल म्हणून सांगितलं होतं. कमी म्हणजे तिच्या हिशेबानं कमी. साहेब डोळे पुसत जेवला आणि पुन्हा मागून घेतली.

जेवणानंतर ओसरीवर बसला. माझं इंग्रजी मोडकं, त्याची हिंदुस्थानी मोडकी; दोन्ही मिळून एक धड भाषा झाली. (मी शाळेत गेलो नाही. आकडे मैलाच्या दगडांवरून शिकलो, इंग्रजी अक्षरं उतारूंच्या ट्रंकांवरून. हे साहेबाला सांगितल्यावर त्यानं टोपी काढली. थट्टा होती की काय, कळलं नाही. थट्टा नसावी.)

त्याच्या मुलुखात असेच टप्पे होते. त्यांना इन म्हणतात. याच्या आजोबांचा एक होता, लंडनच्या सडकेवर. टपालाचा कोच यायचा, घोडी बदलायची, उतारू खाली जेवायचे, वर झोपायचे. दारावर पाटी, पाटीवर अक्षर नाही, पांढऱ्या घोड्याचं चित्र, कारण तिकडंही तेव्हा वाचता येणारे थोडे. हे ऐकून बरं वाटलं. तुळया इतक्या खाली की नवा उतारू कपाळ आपटून घेणारच. वरच्या खोलीची जमीन अशी कललेली की गोटी ठेवली तर खिडकीपासून दारापर्यंत आपोआप जाते. म्हटलं, दुरुस्त का करत नाहीत? नुसता हसला.

मग आगगाडी आली. कोच बंद. आजोबा रोज कोचच्या वेळेला कोट चढवून दारात उभे राहायचे.

कोच येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं?

होतं म्हणे.

मग?

"बाप ने तबेले में कोयला बेचा. फिर दारू. फिर जगा बेचा. हम इधर आया."



ता. २८, गुरु.

साहेब सकाळी गेला. टांग्यात बसता बसता राहिलेली हकीकत सांगितली. तो इन अजून उभा आहे. हल्ली लंडनचे लोक मोटारी घेऊन मुद्दाम तिथं मुक्कामाला जातात. कशाला? जुना आहे म्हणून. कललेली जमीन बघायला, तुळईला डोकं आपटून घ्यायला. हा स्वतः मागल्या रजेत गेला होता. ज्या खोलीत जन्मला, तीच खोली भाड्यानं घेऊन झोपला. मालकाला काही सांगितलं नाही.

झोप लागली का, विचारलं. म्हणाला, "नहीं."

दिवसभर एकच घोळतंय. तिथं माणसं मोटारीनंच परत आणली. म्हणजे मोटार आली की मुक्काम मेलाच, असं नाही. मोटार थांबली मात्र पाहिजे.

ता. ६ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

गोदा आणि जावईबापू किकवीहून आले. जावईबापू मोटारीची तिकिटं फाडतात. खाकी कोट, पितळी बटणं. जेवता जेवता म्हणाले, "मामा, मोटारीच्या शेठना इथं फाट्यावर जागा हवीय. संध्याकाळची गाडी मुक्कामी ठेवायचं चाललंय. दिवस लहान झाले. अंधारात भोरच्या रस्त्यानं जायला ड्रायव्हर कुरकुरतात."

म्हणजे उतारू इथं राहणार?

"गाडी राहिली तर उतारू कुठं जातील?"

घास हातात राहिला. सौ.नं माझ्याकडं पाहिलं नाही, पण जावईबापूंच्या पानात तूप जास्त पडलं.

जावयाच्या शिफारशीनं काही मिळवावं, हे मनाला बरं वाटत नाही. गोदा आत आईला सांगत होती, "अण्णांना म्हणावं, ह्यांच्याशी जरा गोडीनं बोला. ह्यांनी शब्द टाकलाय." ऐकू आलं. जावईबापूंना विडा मी स्वतः लावून दिला.

विडा तोंडात घालून म्हणाले, "शेठ स्वतः येऊन राहून बघतील, मग ठरवतील. आणि मामा, शेठसमोर इंग्रजी नको."

ता. १०, बुध.

इमामभाईची दोन्ही घोडी गेली. तो रिकामा टांगा घेऊन इथंच राहिलाय. म्हणतो, "ओढायला मी हाय, बसायला तुमी या." संध्याकाळी सवयीनं घोड्यांचे हरभरे भिजत घालायला गेला आणि पातेलं हातात घेऊन तसाच उभा. मी लांबून पाहिलं. जवळ गेलो नाही.

पागा धुतली. लीद नाही तर पागेला वास नाही, आणि वास नाही तर ती नुसती लांब खोली आहे.

ता. १३, शनि.

शेठ गुरुवारी येणार, निरोप आला.

पाटी रंगवली. बाळबोधीत 'मुक्कामाची व जेवणाची उत्तम सोय', खाली लहान अक्षरांत इंग्रजी. 'उत्तम'मधला त जरा कलला. खरवडून पुन्हा काढला. इमामभाई म्हणाला, कोन बघतंय. मी बघतोय.

गाद्यांना नव्या खोळी. उश्या सौ.नं पिंजून भरल्या. माळ्याची शिडी बदलली. सौ. म्हणाली, "तुमी शेठची वाट बघताय का सोयऱ्याची?" म्हटलं, दोन्ही.

किकवीच्या मिस्त्रीकडं जाऊन मोटारीची माहिती काढली. तिला पेट्रोल लागतं, तेल लागतं, चाकात हवा, आणि पुढच्या जाळीच्या पेटीत पाणी. म्हणजे तहान तिलाही आहे. पाण्याची सोय आपल्या आडासारखी पुण्यापासून इथवर कुठं नाही. आडाजवळ तिच्यासाठी वेगळं पिंप ठेवलं, त्यावर 'मोटार' असं अक्षर काढलं. माणसाच्या आधी जनावराकडं बघायचं, हा या टप्प्याचा रिवाज वडिलांच्या वेळचा आहे. शेठला तो उतरल्या उतरल्या दिसला पाहिजे.

ता. १८, गुरु.

घात झाला. उद्या लिहीन.

ता. १९, शुक्र.

क्रमानं लिहितो. क्रम तरी चुकू नये.

मोटार काल मावळतीला आली. मी दारात. पुढच्या बाकावर शेठ. उपरणं, पागोटं, हातात छत्री. मागं भोरचे उतारू खच्चून. मोटारीच्या तोंडातून वाफ फुसफुसत होती. शंकर ड्रायव्हरनं ओलं फडकं धरून पेटीचं टोपण काढलं, वाफ मोकळी सोडली आणि तो तोंड धुवायला परसात गेला. जाताना कोणाला काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

शेठ पाटी वाचत होते. वाटलं, हीच वेळ. पिंपात ताजं शेंदलेलं, गार. बादली भरली आणि शेठच्या देखत मोटारीच्या तोंडात ओतली. सगळी.

आतून आवाज आला. तो कसा, ते लिहिता येत नाही.

शंकर ओल्या तोंडानं धावत आला. "कुणी घातलं? अण्णा, तुमी? निवू तर द्यायची." मग वाकून पोटाखाली बघितलं. खालून पाणी ठिबकत होतं. "शेठ, तडा गेला. इंजिन गेलं."

शेठनी माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं, आणि म्हणाले, "हात धुवायला पाणी मिळेल का?"

इमामभाई पागेच्या भिंतीला टेकून सगळं बघत होता. माणसं आत गेल्यावर म्हणाला, "अण्णा, तापलेला घोडा जन्मात कधी पाजलात का तुमी? फिरवायचा, घाम सुकवायचा, मग पाणी. न्हाईतर पोटात कळ येऊन पडतो. ह्याच्यापायी तुमी मला सुदीक शिव्या घातल्यात."

म्हटलं, ते जनावर. हे लोखंड. लोखंडाला पोट कुठं?

"वाफ तर दिसत हुती," म्हणाला.

दिसत होती. नालबंद, टांगेवाले, मोतद्दार, आल्यागेल्या सगळ्यांना मी हा एक नियम मोडू दिला नाही. साहेब लोकांची घोडीसुद्धा फिरवल्याशिवाय आडाजवळ येऊ दिली नाहीत. आणि काल घाई झाली. शेठ पाटी वाचताहेत तोवर व्हावं, एवढंच मनात होतं.

पुढचं. उतारूंना जायला वाहन नाही, टांगा आहे पण घोडं नाही, बैलगाड्या सकाळशिवाय मिळत नाहीत. सगळे राहिले. मोटारीत मांडीला मांडी लावून आलेले, उतरल्यावर तीन चुलींना पांगले. गाद्या पुरेनात. ओसरी भरली, माळा भरला, शेठना कोपऱ्यातली खोली. सौ. भाकरी टाकतेय, पदरानं घाम पुसतेय, मीठ कुठं ठेवलं म्हणून माझ्यावर ओरडतेय. भोरची एक म्हातारी पाठ टेकत म्हणाली, "बरं झालं बाई गाडी मोडली. हाडं खिळखिळी झाल्ती."

मला आनंद होत होता. लिहून ठेवतो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. मोटार दारात मरून पडलेली, शेठ आत बसलेले, आणि मी कंदील घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो आणि मला आनंद होत होता.

ता. २०, शनि.

उतारू काल सकाळीच बैलगाड्यांनी गेले. शंकर साताऱ्याकडून आलेल्या मोटारीनं पुण्याला गेला, दुसरी गाडी आणायला. शेठ राहिले. कमी बोलतात. साखर खात नाहीत, सौ.नं चहात गूळ घातला तर तोही नको म्हणाले. आज सगळी जागा फिरून बघितली. माळ्याची शिडी हलवून पाहिली. पागेच्या दारात उभं राहून छत्री आडवी धरली, मग उभी धरली. म्हणाले, "दार चांगलं रुंद आहे."

म्हटलं, दोन घोडी जोडीनं आत जायची.

"हं."

सकाळी म्हणाले होते, पुण्यात त्यांना झोप येत नाही, इथं लागली. मी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग?" मग काही नाही. झोप लागली, एवढंच म्हणाले.

ता. २१, रवि.

मोटार बैलांनी ओढून नेली. दोर बांधताना गावातली सगळी माणसं जमली होती. शेठ दुसऱ्या गाडीत बसले. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. तेच म्हणाले, "झालं ते झालं. जावयामार्फत कळवतो."

नुकसानीचा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

ता. २५, गुरु.

निरोप नाही. मुक्कामाला कोणी नाही.

नसरापूरच्या बाजारात गेलो होतो. भाजीवाली ओळखीची. म्हणाली, "अण्णा, मोटारीला जुलाब झाले म्हणं?" शेजारची म्हणाली, "ढोराच्या डाक्टरला दावायची." मी वांगी निवडून घेतली, किडकं एक परत टाकलं, आणि आलो. वाटेत बसायला लागलं. दमलो नव्हतो.

मोटार रोज जाते. उतारू आता मान वळवून बघतात. शंकर त्यांना दाखवत असणार, हीच ती जागा.

ता. ३०, मंगळ.

जावईबापू आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं.

"शेठना जागा पसंत आहे."

सौ. आतून दारापर्यंत आली.

"पागेत गाडी सरळ आत जाते. भोरची आणि साताऱ्याची, दोन्ही सडकांच्या गाड्यांचं पेट्रोल, टायर, सगळं इथंच ठेवायचं म्हणतात. रात्री गाडी आत."

"आणि उतारू?"

"उतारू भोरला. शेठनी गाड्यांना नवे दिवे बसवलेत मामा, अंधाराचं कारण राहिलं नाही. उतारू सोडायचे आणि मोकळी गाडी इथं आणायची."

"ओसरी? खोल्या?"

"खोल्यांत टायर." मग खाली बघून, "पेट्रोल असेल तिथं विस्तव चालत नाही. चुली काढाव्या लागतील. कंदीलही नको. तुमचं दोघांचं काय ते मागं, आडाच्या पलीकडं छप्पर घालून. शेठ तुम्हाला राखणदार म्हणून ठेवतील."

"आणखी?"

"गाडीला हात लावायचा नाही. एवढं मुद्दाम सांगितलंय."

जावईबापूंनी कोटाचं बटण चाळवलं. "नाही म्हणालात तर शेठ किकवीला माझ्या दारची जागा घेतील. मला काय, मला सोयीचंच आहे. पण गोदा रडते. म्हणते, अण्णांचं आधी बघा." रविवारी सकाळी शंकर गाडी थांबवील, त्याला हो की नाही सांगायचं.

वाईट माणूस नाही. जाताना माझ्या पाया पडला.

ता. २ डिसेंबर, गुरु.

सौ. म्हणते, "देऊन टाका. भाकरी तरी ठरलेली."

"तुझ्या चुली?"

"मातीच्याच हायत. उतारू कुठंयत पेटवायला?"

दुपारी परसात, आत, पागेजवळ फिरलो तर तिन्ही चुली ओल्या, नुकत्या सारवलेल्या. मी पाहिलं, हे तिला कळू दिलं नाही.

इमामभाई आज गेला. पुण्यात मेव्हण्याकडं. टांगा इथंच सोडलाय. "इकून टाका, न्हाईतर जाळा, थंडी हाय." वळणापर्यंत सोबत गेलो. वळणावर म्हणाला, "अण्णा, लई मनाला लावून घेऊ नका. घोडं बी मरतं की." आणि गेला. म्हातारा पाय ओढत चालतो, हे मला आजच दिसलं. आजवर त्याला टांग्यावर बसलेलाच बघितला.

राखणदार. स्वतःच्या दारात, अंधारात, कंदिलाशिवाय बसायचं, टायर राखत.

साहेबाचं बोलणं सुटत नाही. त्याच्या आजोबांच्या दारात लोक परत आले खरे, पण ते बघायला आजोबा नव्हते, बाप नव्हता, आणि जागाही दुसऱ्याची झालेली. जुनं म्हणून कोणी बघायला येण्याआधी मधे पुष्कळ वर्षं नुसतं मोडकं असावं लागतं. त्या वर्षांत तिथं कोणीतरी जेवायचं असतं. ते कसं, हे मी साहेबाला विचारायला हवं होतं. त्यानं सांगितलंच होतं म्हणा. कोळसा.

ता. ४, शनि.

दिवस मावळायला आला तेव्हा एक धनगर, बायको आणि मेंढरं. धुळाजी नाव, पासलीचा. डोंगर उतरून देशाकडं चाललाय. दारात उभा राहून म्हणाला, "मालक, पागा मोकळी दिसती. मेंढरं आत घालू का? लांडग्याचं भ्या हाय."

आजवर मेंढरं आत घेतली नाहीत. घोडी बिथरतात, उतारू नाक मुरडतात. त्याला हे ठाऊक असणार, कारण विचारताना तो अर्धा वळूनच उभा होता.

म्हटलं, घाल. आणि तुम्ही दोघं कोपऱ्यातल्या खोलीत झोपा. गादी आहे, नवी खोळ आहे.

"न्हाई जी. आमी मेंढरापाशी."

भाडं नको म्हटलं.

"फुकाट असली तरी न्हाई. गादीवर झोप न्हाई लागत."

त्याची बायको हसली. "दार लावलं की ह्यो गुदमारतोय. सासरवाडीला बी अंगनात झोपतोय."

सौ.नं कालवण दिलं. त्यांनी टांगेवाल्यांच्या चुलीवर आपल्या भाकरी भाजल्या, आम्हाला लोटाभर दूध दिलं. धुळाजी पागेची दावणी, गव्हाणी हात लावून बघत होता.

"हितं कोन उतरतं मालक?"

"सगळे उतरायचे."

"आन आता?"

म्हटलं, तू उतरलास की.

"मी कुठं," म्हणाला. "मेंढरं उतरली."

खोट्या नम्रतेनं बोलला असता तर राग आला असता. खरं तेच बोलला. कोपऱ्यातल्या खोलीत गेलो, सगळ्या गाद्या गुंडाळल्या, परत पसरल्या. पागेतून मेंढरांच्या हालचालीचा आवाज येतोय. बऱ्याच दिवसांनी तिकडून काही आवाज आला. सौ.ला विचारलं, उद्या काय सांगू? ती म्हणाली, "तुमी मला कधी विचारून पाटी रंगवली?"

ता. ५, रवि.

धुळाजी उजाडायच्या आत गेला. पागा लेंड्यांनी भरलीय. झाडणी हातात घेतली तर सौ. म्हणाली, राहू द्या, खत हाय, परसात टाकू. परस आपलं राहणार का, हे तिच्या तोंडून निघालं नाही.

शंकर आला. गाडी दारात उभी केलीय, आत साताऱ्याकडचे उतारू. म्हणाला, "शेठनी इचारलंय. हो का न्हाई, येवढंच."

म्हटलं, चहा घे.

"टाइम न्हाई अण्णा."

गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं पडद्यातून डोकं काढलं. "आम्हाला चालंल चहा. कवाधरनं पाय आकसलेत." त्याच्या मागून एक बाई, मांडीवर तान्हं, तिला पाणी हवं होतं. मग आणखी दोघं. शंकर कपाळाला हात लावून खाली उतरला. म्हणाला, "अर्धा अर्धा कप. आन कुणी आडवं व्हायचं न्हाई."

माणसं ओसरीवर बसलीत. म्हातारा पाटी वाचतोय, मोठ्यानं, एकेक अक्षर लावून. बाईनं तान्ह्याला कोपऱ्यातल्या खोलीत गादीवर टाकलंय. कोणाला विचारलं नाही. सौ.नं आतली चूल पेटवली. दूध धुळाजीचंच, पुरेसं नाही, ती पाणी वाढवतेय आणि कपबश्या मोजतेय.

मी आत उभ्यानं हे लिहितोय. काय सांगायचं, ते अजून

शंकर ओसरीवरून हाक मारतोय. "अण्णा, काय सांगू शेठला?"

आलो, म्हटलं.